पायाखालची थरथर

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मृगाचा पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी मी आमची गाडी नेऊन गडग्यावर घातली. गडगा म्हणजे जांभ्या दगडांचं कुंपण, हे घाटावरच्या मैत्रिणींसाठी सांगते. कट्ट्याला बचत गटाची बैठक आटोपून मालवणला परत येत होते. सोबत गटातल्या दोघी होत्या. चौके मागे पडलं होतं, रस्ता नुकता भिजलेला, वेग म्हणाल तर चाळीस-पंचेचाळीस. एका वळणानंतर बघते तर रस्त्याच्या मधोमध वासरू. ढिम्म हलायला तयार नाही. मी ब्रेकवर जोरात पाय दिला आणि एकाएकी पायाखालचं पेडल थडथडायला लागलं. खालून कुणी हातोडी मारतंय असं वाटलं. सोबत खर्रखर्र आवाज. माझ्या मनात एकच आलं, ब्रेक तुटला! आणि घाबरून मी पाय उचलला.

वासरू वाचलं. मी स्टिअरिंग डावीकडे ओढलं होतं, त्यामुळे गाडी व्हाळी ओलांडून गडग्यावर आदळली. मला कपाळावर टेंगूळ आलं, पण शेजारी बसलेल्या वहिनींचं मनगट मोडलं. त्यांची घरगुती खानावळ आहे. भाकऱ्या थापणं, मासे साफ करणं, सोलकढीसाठी नारळ पिळणं, सगळं त्या हाताने. सहा आठवडे तो हात प्लास्टरमध्ये राहिला. आम्ही गटातल्या बायकांनी पाळ्या लावून त्यांचे डबे चालू ठेवले, पण हातची चव कुठून आणणार? चार गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवसांत रोज वाटायचं.

तिसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या दादांनी गाडी बघितली आणि मला विचारलं, "वहिनी, ब्रेक एकदम चांगलो आसा. तुम्ही पाय कित्याक काढलात?"

"अहो, थडथडत होता म्हणून."

"थडथडता म्हणजेच काम करता हा तो! ता तुमचा एबीएस."

मैत्रिणींनो, मी बी.ए. झालेली बाई. पंधरा-सोळा वर्षं माझ्याकडे लायसन्स आहे. गाडी घेताना गाडीच्या कागदावर 'एबीएस' ही तीन अक्षरं मी वाचलीही होती. पण ती काय करतात आणि करत असताना पायाला काय जाणवतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. ज्या यंत्राने आम्हा तिघींना सांभाळायचं, त्याच्याच आवाजाला घाबरून मी त्याचा हात सोडून दिला. म्हणून हा लेख. गाडी चालवणाऱ्या बाईने हे जाणून घेतलंच पाहिजे असं माझं ठाम मत झालं आहे. जी नुसती शेजारी बसते तिनेसुद्धा.

गाडी घेतली तो दिवस मला चांगला आठवतो. माझ्या आईकडून आलेल्या बांगड्या गहाण टाकून पहिला हप्ता भरला होता. शोरूममधला मुलगा इंजिन, ब्रेक, मायलेज हे सगळं आमच्या ह्यांना आणि धाकट्या भावोजींना समजावून सांगत होता. माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "मॅडम, कलर कोणता?" आणि पुढच्या सीटवरच्या झडपेमागचा आरसा उघडून दाखवला. मीही हसून आरशात बघितलं. आता आठवलं की माझाच राग येतो. त्या मुलाचा तितका येत नाही. त्याला तसंच शिकवलेलं असणार.

तर हा एबीएस आहे तरी काय?

पावसाळ्यात आपल्या जुन्या घरांच्या पायऱ्यांवर, खळ्यात शेवाळ धरतं. त्यावरून चालताना आपण काय करतो? पावलं लहान टाकतो, पाय टेकवतो, उचलतो, टेकवतो. पाय टेकलेला असतो तोवर आपण पाहिजे तिकडे वळू शकतो. पण एकदा का पाय घसरू लागला, की मग तुम्हाला विहिरीकडे जायचंय की तुळशीकडे, हे कोण विचारतंय? शरीर जिकडे निघालं तिकडेच जाणार. चाकाचं अगदी तसंच आहे. फिरणारं चाक रस्त्याला धरून असतं. जोरात ब्रेक दाबून ते जागच्या जागी आवळलं, म्हणजे ज्याला चाक 'लॉक' होणं म्हणतात, की ते घसरायला लागतं. घसरत्या चाकाला दिशा नसते. तुम्ही स्टिअरिंग कितीही फिरवा, पुढची चाकं वळलेली दिसतील, पण गाडी सरळ जाणार, थेट वासरावर.

एबीएस म्हणजे चाक असं आवळू न देणारी ब्रेकची व्यवस्था. प्रत्येक चाकापाशी एक दातेरी कडं किंवा तसंच काही असतं आणि त्याच्याजवळ एक छोटा सेन्सर. चाक किती वेगाने फिरतंय हे तो सतत मोजतो आणि गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरला कळवतो. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावलं, म्हणजे आता ते लॉक होणार हे त्या कॉम्प्युटरला कळतं. तो त्या चाकाकडे जाणारं ब्रेकचं तेल क्षणभर अडवतो, गरज पडली तर थोडं दाब सोडतो, चाक पुन्हा फिरू लागलं की दाब परत देतो. धरणं, सोडणं, पुन्हा धरणं, हे एका सेकंदात दहा-पंधरा वेळाही होतं. तेलाची ही जी ये-जा चालते, तिचे धक्के पेडलमधून पायाला लागतात. तीच ती हातोडी, तोच तो खर्रखर्र आवाज. आपण सारवण करताना हात जसा मध्येच सैल सोडतो, पुन्हा दाबतो, तसं. फक्त इतक्या वेगाने कुठल्याही माणसाचा पाय हलणार नाही.

आता एक गंमत सांगते. मला ज्या शाळेत गाडी शिकवली, तिथले मास्तर जुन्या वळणाचे. ते सांगायचे, ओल्या रस्त्यावर ब्रेक एकदम दाबायचा नाही. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. त्याला ते 'पंपिंग' म्हणायचे. एबीएस नसलेल्या गाडीसाठी हा सल्ला खरंच चांगला होता, कारण यंत्र जे करतं ते तिथे पायाने करावं लागायचं. पण एबीएसच्या गाडीत तुम्ही पंप केलंत, तर दर वेळी पाय सोडलात की यंत्राला वाटतं, थांबायची घाई नाही. मास्तरांनी शिकवलेलं सोळा वर्षं माझ्या पायात मुरलं होतं. थरथर जाणवताच पाय आपोआप सुटला, त्याला हेही एक कारण. शिकवण जुनी झाली तरी पाय ती विसरत नाहीत.

म्हणून एबीएसच्या गाडीत करायचं ते असं: जोरात, पूर्ण ब्रेक दाबा, दाबून धरा, थडथडलं तरी सोडू नका, आणि नजर व स्टिअरिंग मोकळ्या जागेकडे वळवा. वासराकडे बघू नका. आपण जिकडे बघतो तिकडेच गाडी नेतो.

ही कल्पना मुळात मोटारींसाठी नव्हतीच. पाऊस पडलेल्या धावपट्टीवर विमान उतरताना त्याची चाकं आवळून घसरू नयेत म्हणून १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये डनलॉप कंपनीने 'मॅक्सारेट' नावाचं यंत्र विमानांना बसवलं. पुढे १९७८ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीने इलेक्ट्रॉनिक एबीएस तयार केला आणि तो मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत आला. म्हणजे श्रीमंतांपासून सुरुवात झाली, नेहमीप्रमाणे. आपल्याकडे तर वर्षानुवर्षं एबीएस म्हणजे महागड्या मॉडेलची चैन होती. एप्रिल २०१९ पासून मात्र नव्या मोटारींना तो कायद्याने सक्तीचा झाला. मोठ्या बसेस आणि ट्रक यांना तर त्याआधीच, २०१५ मध्ये लागू झाला. चिपीचं विमानतळ २०२१ मध्ये सुरू झालं तेव्हा विमान उतरताना बघायला आम्ही सगळ्या गेलो होतो. त्या चाकांतही हेच तत्त्व आहे आणि माझ्या पायाखालीही तेच होतं, हे तेव्हा ठाऊक असतं तर!

एबीएसचं हे झालं. पण त्याच्या पुढची पायरी मला त्याहून मोठी वाटते. तिला ईएससी म्हणतात. म्हणजे गाडी डोलू, फिरकू लागली तर तिला सावरणारी व्यवस्था. कंपन्या नावं वेगवेगळी देतात. कुणी ईएसपी म्हणतं, टोयोटा व्हीएससी म्हणते, होंडा व्हीएसए म्हणते. त्यामुळे कॅटलॉगमध्ये एक नाव सापडलं नाही म्हणून ती नाहीच असं समजू नका, आणि एबीएस लिहिलंय म्हणजे ही पण आहे असंही समजू नका. दोन्ही वेगळ्या.

ही समजायला सगळ्यात सोपी आपल्या देवबागच्या, तारकर्लीच्या बायकांना. खाडीत होडी वल्हवताना उजवीकडे वळायचं असेल तर काय करतात? उजव्या बाजूचं वल्हं पाण्यात रोवून धरतात. उजवी बाजू अडते, डावी पुढे सरकते आणि होडी उजवीकडे वळते. ईएससी हेच करते. वल्ह्याऐवजी ती एकाच चाकाचा ब्रेक लावते. आपल्याला चार चाकांचे वेगवेगळे ब्रेक कधीच लावता येणार नाहीत, पेडल एकच असतं. तिला येतात, कारण एबीएसने प्रत्येक चाकाची वाट आधीच वेगळी करून ठेवलेली असते.

पण कुठलं वल्हं धरायचं हे तिला कळतं कसं? एक सेन्सर सांगतो की चालवणारीने स्टिअरिंग किती वळवलंय, म्हणजे तिला कुठे जायचंय. दुसरे सांगतात की गाडी स्वतःभोवती प्रत्यक्षात किती फिरतेय आणि बाजूला किती ओढली जातेय, म्हणजे ती खरी कुठे चाललीय. दोन्ही जुळलं तर ईएससी गप्प बसते. जुळलं नाही तर मध्ये पडते. समजा, तुम्ही आंबोली घाटात डावीकडच्या वळणावर आहात. गाडीचं तोंड वळतच नाही, सरळ दरीकडे निघालंय. अशा वेळी ती आतल्या बाजूच्या मागच्या, म्हणजे डाव्या चाकाला ब्रेक लावते आणि तोंड डावीकडे ओढून घेते. उलट, गाडीची शेपटी बाहेर फेकली जाऊन गाडी गरगरणार असं झालं, तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या, म्हणजे उजव्या चाकाला ब्रेक लावून ती सरळ करते. गरज पडली तर इंजिनाची ताकदही कमी करते. हे सगळं तुम्ही "अगो बाय माझे" म्हणायच्या आत.

कोकणातल्या रस्त्यांसाठी मला ह्याचं महत्त्व आणखी एका कारणाने वाटतं. आपले आतले रस्ते अरुंद. समोरून एसटी आली की आपण डावी दोन चाकं खाली तांबड्या मातीत उतरवतो. पावसात ती माती लोण्यासारखी. त्याच क्षणी ब्रेक लावावा लागला तर काय होतं? उजवी चाकं डांबराला धरतात, डावी मातीत सरकतात आणि गाडीचं तोंड उजवीकडे झटकलं जातं. म्हणजे नेमकं एसटीच्या अंगावर. अशा ठिकाणी प्रत्येक चाकाचा वेगळा विचार करणारं यंत्र गाडीत असणं, ही माझ्या मते चैन अजिबात नाही.

ही ईएससी सगळ्यांना कशी मिळाली त्याची एक गोष्ट आहे. बॉशमध्ये ॲन्टॉन व्हॅन झांटेन नावाच्या इंजिनिअरांच्या तुकडीने ती तयार केली आणि १९९५ मध्ये मर्सिडीजच्या महागड्या गाडीत ती आली. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९९७ मध्ये, स्वीडनमधल्या एका मासिकाच्या पत्रकाराने मर्सिडीजची नवी छोटी गाडी, ए-क्लास, तपासायला घेतली. तिथे रस्त्यावर अचानक सांबरासारखं मोठं जनावर येतं. त्याला चुकवण्यासाठी गाडी झटकन डावी-उजवी करून बघायची अशी त्यांची एक परीक्षा. त्या परीक्षेत गाडी चक्क उलटली. एवढ्या मोठ्या कंपनीची अब्रू गेली. सुरुवातीला कंपनीने का-कू केलं, पण शेवटी त्या स्वस्त मॉडेललाही ईएसपी बसवणं तिला भाग पडलं. जी वस्तू श्रीमंतांच्या गाडीपुरती होती ती अशी खाली उतरली. पुढे युरोपात २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची झाली, अमेरिकेत त्याआधीच. त्यांच्याकडे सांबर, आपल्याकडे वासरू. जनावर बदललं, प्रश्न तोच.

आपल्याकडे 'भारत एनकॅप' ही गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणारी योजना ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिच्यात तीन किंवा जास्त तारे मिळवायचे तर गाडीत ईएससी असावीच लागते. पण कुठल्या गाडीच्या कुठल्या मॉडेलमध्ये ती आहे, हे तपासणं शेवटी आपल्याच हातात. आणि इथेच माझं भांडण आहे. आपल्या घरात गाडी घेताना टच स्क्रीन मोठा की छोटा, छताला काच आहे की नाही, यावर आठ दिवस चर्चा होते. परवा एका ओळखीच्या घरी मी ईएससीबद्दल विचारलं तर कर्ता पुरुष म्हणाला, "काकी, आम्ही काय रेस लावणार?" मी म्हटलं, "तुझी दोन पोरं मागच्या सीटवर बसणार ना? आणि करूळ घाटातून कोल्हापूरला जाणार ना?" त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. काही बोलली नाही. पण चार दिवसांनी तिचा फोन आला, "काकी, ता तीन अक्षरांचा नाव परत एकदा सांगा."

आता स्कूटीकडे येते, कारण आपल्यातल्या नव्वद जणी गाडी म्हणजे स्कूटीच म्हणतात. अंगणवाडीच्या सेविका, आशाताई, बँकेत जाणाऱ्या मुली, बाजारात नारळ पोचवणाऱ्या बायका, सगळ्या स्कूटीवर. आणि सगळ्यांना घरातून एकच शिकवण, "पुढचा ब्रेक लावू नको, तोंडावर पडशील." ही शिकवण अर्धी खरी आहे, म्हणून जास्त वाईट. एसटीत उभ्या असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण सगळ्या पुढे फेकल्या जातो. स्कूटीचंही वजन तसंच पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला ब्रेक लावून गाडी किती थांबणार? ते घसरून शेपटीसारखं फिरतं. खरी थांबवण्याची ताकद पुढच्या चाकात असते. फक्त तो ब्रेक झटक्याने नाही, दाबत न्यायचा, मागच्याबरोबर, आणि स्कूटी सरळ असताना. वळणात नाही.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस, आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचा आहे. आपल्या बहुतेक स्कूट्यांना सीबीएस असतो. डावी मूठ दाबली की मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक थोडा लागतो, एवढंच त्याचं काम. चांगलं आहे, पण लक्षात ठेवा, सीबीएस चाकाला आवळण्यापासून थांबवत नाही. नावं सारखी वाटतात म्हणून फसू नका. बंदरावरून मासळीच्या गाड्या निघतात, त्यातून बर्फाचं, माशांचं पाणी रस्त्यावर गळत जातं. त्या चिकट ओलीवर सीबीएसच्या स्कूटीचं चाकही सहज आवळतं. तिथे वेग आधीच कमी करायचा, दुसरा उपाय नाही. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने सगळ्याच नव्या दुचाकींना एबीएस लावायचा मसुदा काढला, तेव्हा मला फार बरं वाटलं. अशा वेळी किंमत वाढेल हा मुद्दा निघतोच. वाढेलही. पण मनगट मोडल्यावर सहा आठवड्यांचा हिशोब कुणी मांडलाय का? मी मांडलाय. वहिनींच्या वहीत बसून मांडलाय.

इतकं सगळं सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. आमचा मुलगा आता अठरा वर्षांचा झाला. हे सगळं ऐकून म्हणाला, "मग आई, एबीएस असेल तर थोडं फास्ट चालतं." चालत नाही! म्युनिक शहरात १९८० च्या दशकात टॅक्सींची एक पाहणी झाली होती. काही टॅक्सींना एबीएस, काहींना नाही. एबीएसवाल्यांचे अपघात कमी व्हायला हवे होते, झाले नाहीत, कारण ते चालक जास्त बेदरकार चालवू लागले होते. छत्री मोठी मिळाली म्हणून कुणी वादळात समुद्रावर जात नाही, पण गाडीच्या बाबतीत माणूस तसंच करतो. शिवाय सुट्या खडीवर किंवा मऊ मातीवर एबीएसची गाडी थांबायला कधीकधी जास्तच अंतर घेते. आवळलेलं चाक खडीत रुततं, फिरणारं रुतत नाही. एबीएस तुम्हाला वळायची संधी देतो, रस्ता आखूड करून देत नाही. आणि टायर गुळगुळीत झालेला असेल तर जगातला कुठलाही कॉम्प्युटर काही करू शकत नाही. शेवटी रस्त्याला टेकलेला असतो तो टायरच, तोही प्रत्येक चाकाचा तळहाताएवढा भाग. दागिन्यांची पॉलिश दर दिवाळीला करतो आपण. टायरची नक्षी कधी बघितलीत?

आणि डॅशबोर्डवरचे दिवे बघायची सवय लावा. चावी फिरवली की 'एबीएस' लिहिलेला पिवळा दिवा लागतो आणि थोड्या वेळाने जातो. गेला नाही तर साधा ब्रेक लागेल, पण एबीएस काम करत नाही असं समजून गॅरेज गाठा. दुसरा दिवा गाडीच्या चित्राचा, मागे दोन नागमोडी रेघा असलेला. तो ईएससीचा. चालत्या गाडीत तो लुकलुकला तर गाडी तुम्हाला सांगतेय की, बाई, आत्ता मी तुला सावरलं, जरा हळू. त्याच चित्राचं 'ऑफ' लिहिलेलं बटणही काही गाड्यांत असतं. लहान मुलं खेळता खेळता ते दाबून ठेवतात. आमच्या भाच्याने ठेवलं होतं.

मी स्वतः काय केलं ते सांगते आणि थांबते. मनगटाचं प्लास्टर निघालं त्या श्रावणात, एका रविवारी, गॅरेजवाल्या दादांना सोबत घेऊन आम्ही गटातल्या पाच जणी गावाबाहेरच्या सड्यावर गेलो. तिथे एक सरळ, रिकामा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना नुसतं गवत, गुरंसुद्धा नाहीत. पाऊस भुरभुरत होता. दादांनी दोन्ही टोकांना एकेकीला छत्री देऊन उभं केलं, कुणी आलं तर हाक मारायला. मग सगळ्यांनी पट्टे लावले आणि दादा म्हणाले, "तीसवर घेवा, आणि मी सांगलंय की दोन्ही डोळे उघडे ठेवून ब्रेकवर उभे ऱ्हवा."

पहिल्यांदा मला जमलं नाही. थडथड सुरू झाली आणि पाय पुन्हा वर आला. दुसऱ्यांदाही अर्धाच टिकला. तिसऱ्यांदा मी दात आवळून पाय दाबून धरला. थडथडथड करत गाडी थांबली, ती अगदी सरळ. चौथ्या वेळी दादांनी रस्त्यात एक रिकामी पाटी ठेवली आणि ब्रेक दाबून ठेवूनच बाजूने काढायला सांगितली. पाटीला धक्का न लागता गाडी वळली. त्या क्षणी मला रडू आलं, कारण त्या संध्याकाळीही ती अशीच वळली असती.

मग एकेकीने करून बघितलं. शेवटी वहिनी पुढे आल्या. त्यांना गाडी चालवता येत नाही. त्या त्यांच्या जुन्याच जागेवर, माझ्या शेजारी बसल्या. पट्टा लावला, बऱ्या झालेल्या हाताने दारावरची मूठ घट्ट धरली आणि समोर बघत म्हणाल्या, "चला आता. आणि ह्या खेपेक पाय काढलात तर मी उतरान चलत घराक जातलंय."